वाक्याचा कर्ता

गेली बारा वर्षं मी वेबसाइट्स आणि ॲप्स घडवण्याचं काम करते. दर पाडव्याला एका वहीत, या वर्षी काय शिकायचं ते लिहून ठेवते. जुनी पानं उलटली की सगळीकडे एकच क्रियापद दिसतं. गेम डेव्हलपमेंट शिकायचं. ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असं घडवणं, शिकायची. युनिटी हे गेम बनवायचं साधन शिकायचं. या याद्या मी मनापासून लिहिल्या आणि त्यांच्यासाठी राबलेही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांमधले ८६ निकष मी ओळीने वाचून काढले. साध्या मजकुराचा आणि त्यामागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी, हे मला तोंडपाठ झालं. वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण झाली.

त्याच वर्षी गेम शिकायचा म्हणून ब्राउझरमध्ये चालणारा फुल्लीगोळा केला. नऊ घरं, समोर कॉम्प्युटर. पाटीवर खडू ओढावा तशी फुल्ली उमटत जायची. माझ्या मैत्रिणीचा मुलगा दहावीत आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर टाकून तो सगळा अभ्यास करतो. त्याला मी गेम उघडून दिला. त्याने हेडफोन लावले, टॅब दाबून पाहिली, बाणांची बटणं दाबून पाहिली, जरा थांबला आणि म्हणाला, "मावशी, खेळ सुरू झालाय का?"

खेळ सुरू होऊन मिनिट उलटलं होतं. मी तो कॅनव्हासवर काढला होता. कॅनव्हास म्हणजे ब्राउझरमधला चित्रफलक. त्यावर काहीही काढलं तरी ब्राउझरच्या लेखी ते नुसते रंगीत ठिपके असतात. इथे घर आहे, त्यात फुल्ली आहे, अशी नोंद कुठेच होत नाही, आणि स्क्रीन रीडर वाचतो ती नोंदच. ८६ निकष मला पाठ होते आणि तो मुलगा दाराबाहेर उभा होता.

शाळेत आपल्याला वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतात. माझ्या यादीतल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता मीच होते. मी वाचेन, मी शिकेन, मी पूर्ण करेन. मी त्या पानावर नवी ओळ लिहिली: तो माउसला हात न लावता पूर्ण डाव खेळेल आणि कोण जिंकलं ते त्याला कोणी न सांगता कळेल. आजवर लिहिलेल्या ध्येयांमध्ये हे सर्वात लहान होतं, आणि याने मला सर्वात जास्त शिकवलं.

कॅनव्हास बाजूला ठेवून मी नऊ घरांची नऊ खरी बटणं केली. प्रत्येकाला नाव दिलं, "पहिली ओळ, दुसरं घर, रिकामं." ती नावं त्याला मोडकीतोडकी ऐकू आली. पानाच्या कोडमध्ये भाषेच्या जागी 'ईएन' तसंच राहिलं होतं, त्यामुळे मराठी शब्द इंग्रजी आवाजाच्या हाती गेले होते. तिथे 'एमआर' लिहिलं आणि शब्द सरळ झाले. दोन अक्षरांचा बदल. मराठी मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पानावर तो आजच तपासून पाहावा.

मग त्याने एक दुरुस्ती सांगितली. "रिकामं आहे का, हे आधी सांग. घर कुठलं ते नंतर." तो स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतो की मला त्यातला शब्दही लागत नाही, आणि हवं ते कळलं की उरलेलं वाक्य तोडून पुढे जातो. माझ्या नावात त्याच्या कामाचा शब्द सर्वात शेवटी होता. नऊ घरं धुंडाळताना नऊ वेळा त्याला शेवटपर्यंत थांबावं लागत होतं. "रिकामं, पहिली ओळ, दुसरं घर" असं केलं आणि त्याची बोटं धावू लागली. हे ८६ निकषांत मला सापडलं नव्हतं. ते त्याच्या शेजारी बसूनच कळलं.

गेमच्या बाजूनेही हाच धडा मिळाला. मी एक चेंडूचा गेम लिहिला होता. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र दर वेळी नव्याने उमटलं की, चेंडू पाच पिक्सेल पुढे. माझ्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर तो छान चालायचा. एका सहकाऱ्याच्या १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर तोच चेंडू दुप्पट वेगाने सुटला. यावरचा उपाय जुनाच आहे: मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्या प्रमाणातच पुढे जायचं. याला डेल्टा टाइम म्हणतात. पण वेळेचा हिशेब असा नीट बसला की आणखी एक गोष्ट जमते. त्या वेळेला अर्ध्याने गुणलं की अख्खा खेळ निम्म्या वेगाने चालतो, आणि ज्याची बोटं सावकाश हलतात त्यालाही खेळता येतो. २०१८ मध्ये आलेल्या सेलेस्ट या गेममध्ये असिस्ट मोड आहे. त्यात खेळाडू स्वतःच वेग कमी करून घेऊ शकतो. गेम डेव्हलपमेंट आणि ॲक्सेसिबिलिटी मी वहीत दोन वेगळ्या ओळींवर लिहीत होते. इथे त्या एका गुणाकारात भेटल्या.

वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न खेळापुरता नाही. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्यांना इजा झाली, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. "डोळे मिचकावा" हे वाक्य कोडमध्ये लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. त्याच्याही वाक्याचा कर्ता तो स्वतःच होता, इतकंच. स्वतःच्या पापण्या मिचकावून त्याने ते तपासलं असणार.

म्हणून या पाडव्याला वहीत तीनच ओळी आहेत. तो मुलगा सापशिडी खेळेल आणि सोंगटी कुठल्या घरात आहे हे त्याला कधीही विचारता येईल. लाल-हिरवा वेगळा न ओळखणारा माणूस माझ्या ल्यूडोत आपल्या सोंगट्या आकारावरून ओळखेल. एका हाताने खेळणारी व्यक्ती चेंडूचा गेम शेवटपर्यंत नेईल. या ओळींपुढे बरोबरची खूण मी करायची नाही, ती त्यांनी करायची.

तुम्हीही काही शिकायचं ठरवत असाल, मग ते कोड असो, शिवण असो की स्वयंपाक, तर ध्येय लिहून झाल्यावर वाक्याचा कर्ता बघा. तिथे फक्त तुम्हीच असाल तर वाक्य पुन्हा लिहा.