कुठल्या आळीचा?

आमच्या वसईकडे नव्या माणसाला नाव विचारण्याआधी आळी विचारतात. 'कुठल्या आळीचा तू? कोणाचा?' या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की विचारणाऱ्याचे समाधान होते. कारण तेवढ्यावरून त्याला त्या माणसाचा आजा, त्याची वाडी, त्याच्या घरची विहीर आणि बहुधा दोन पिढ्यांपूर्वीचे एखादे भांडणही कळून चुकते. मी स्वतः हे दोन प्रश्न आजवर हजारो वेळा विचारले असतील. त्यांत कुणाला अवघड वाटावे असे काही आहे, हे मात्र तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

जून महिन्यातील ती संध्याकाळ होती. मिस्सा आटोपून मी बाहेर आलो तेव्हा पाच मुलगे सूचनाफलकासमोर उभे होते. फलकावर धर्मग्रामाच्या फुटबॉल स्पर्धेचा कागद लावलेला होता. ही आमची जुनी स्पर्धा. एका बाजूला सातजण, भर पावसात चिखलातले सामने आणि १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा व झेंडावंदन झाल्यावर, अंतिम सामना. मुलांना स्पर्धेत उतरायचे होते. मी सवयीने विचारले, "कुठल्या आळीचे रे तुम्ही?"

त्यांच्यातला उंच मुलगा किंचित थांबला आणि म्हणाला, "फादर, आम्ही आळीचे नाही. आम्ही संस्थेतले. म्हणजे आता तिथलेही नाही."

हे पाचहीजण एकाच बालगृहात वाढलेले. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच एकेकाला तेथून निरोप मिळाला होता आणि आता ते स्टेशनच्या पूर्वेला एका चाळीत खोली घेऊन राहत होते. दोघे औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांत कामाला, एक पार्सले पोहोचवणारा, एक लग्नसमारंभांत वाढपी आणि पाचवा बारावीची परीक्षा पुन्हा देण्याच्या विचारात. दोघे ख्रिस्ती, दोघे हिंदू, आणि पाचव्याला आपला जन्म कोणत्या घरी झाला हे ठाऊक नव्हते. ते तो इतक्या सहजपणे सांगे की ऐकणाराच खाली मान घाली.

कायद्याने या मुलांना अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय सांगितली आहे. २०२२ पासूनच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण देऊ केले. परंतु ज्या मुलाने जन्मात कधी बँकेची पायरी चढलेली नाही, घरभाड्याचा करार पाहिलेला नाही, एका वेळी एका माणसापुरता भात शिजवलेला नाही, त्याच्या हाती एका सकाळी पेटी आणि कागदांची पिशवी येते. आदल्या रात्री ज्या खोलीत चाळीस मुलांचा श्वास ऐकत तो झोपला, त्याच्या पुढच्याच रात्री तो एकटा असतो. "सुरुवातीला शांततेमुळे झोप येत नसे," असे त्यांच्यापैकी एकाने मला पुढे सांगितले. आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा अजून आईला 'माझा टॉवेल कुठे आहे' असे विचारत असतो.

स्पर्धा समितीच्या सभेत मी विषय काढला. नियम स्पष्ट होता: संघ आळीवार, खेळाडू धर्मग्रामातील. एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला. ते गृहस्थ दुष्ट नव्हेत, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो: "फादर, मैदानावर मारामारी झाली तर आम्ही पोराच्या बापाकडे जातो. यांच्याबद्दल कोणाकडे जायचे?" सभेत कोणी बोलेना. प्रश्न चुकीचा नव्हता. अडचण अशी होती की नेमका तोच प्रश्न त्या मुलांचाही होता.

तोडगा निघाला तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे. आमच्या एका लहान आळीला गेली दोन वर्षे संघच उतरवता आला नव्हता. तिथली तरणी मंडळी कोणी आखातात, कोणी कॅनडात. दोन वाड्या विकल्या जाऊन तेथे इमारती उभ्या राहिलेल्या. खेळणारे उरले तीन. त्या आळीचे निवृत्त शिक्षक सभेत मागे बसले होते. ते उठून म्हणाले, "आमचे तीन आणि हे पाच, आठ होतात. सात खेळतील, एक राखीव. भांडण झाले तर माझ्या घरी या." कार्यवाहीच्या वहीत एवढेच लिहिले गेले की सदर आळीचा संघ मंजूर करण्यात आला.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता शाळेमागच्या मैदानावर सराव सुरू झाला. गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांला रोज संध्याकाळी खेळावे लागे. मी बचावफळीत असे आणि चेंडूपेक्षा सहकाऱ्यांच्या पायांना अधिक इजा करी, त्यामुळे प्रशिक्षक होण्याचा मोह मी टाळला. मी कट्ट्यावर बसून पाहत असे. जे पाहिले ते असे: गाळ्यातून बारा तास राबून आलेला मुलगा चेंडू दिसताच धावू लागे. सरावानंतर गुरुजींच्या पत्नी चहा आणि पाव पाठवीत. आठ मुले पायरीवर ओळीने बसत, तोंडे मैदानाकडे, आणि जे कोणालाही समोरासमोर सांगितले नसते ते अंधारात शेजारच्याला सांगत. मालकाने पगार थकवल्याचे एकाने असेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आळीतला एक जण त्याच्याबरोबर मालकाकडे गेला. पापनिवेदनाच्या कोठडीत धर्मगुरू कान देऊन बाजूला का बसतो, याचे एक साधे कारण मला त्या पायरीवर नव्याने उमगले.

तुरीनच्या डॉन बॉस्कोंना हे फार आधी कळले होते. १८४० च्या दशकात खेड्यांतून शहरात गवंडीकामाला आलेली पोरकी मुले त्यांनी पाहिली. तुरुंगांना भेटी देताना त्यांच्या ध्यानात आले की सुटलेली मुले पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नसते. त्यांनी रविवारी मुलांना जमवले. त्यांत प्रार्थना होती तितकाच खेळही होता. गलक्यामुळे शेजारी तक्रार करीत आणि ही मंडळी जागा बदलत फिरे. अखेर १८४६ मध्ये वाल्दोक्को भागात त्यांना एक पडवी मिळाली. याच डॉन बॉस्कोंनी पुढे मुलांच्या मालकांशी नोकरीचे लेखी करार केले. मैदान आणि करारपत्र या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच हाताने सांभाळल्या, हे आपण कधी कधी विसरतो. त्यांच्याच संघातील फादर लोरेन्झो मास्सा यांनी १९०८ मध्ये ब्युनॉस आयर्स येथे रस्त्यात खेळणाऱ्या मुलांना ट्रामपासून वाचवण्यासाठी आपले अंगण देऊ केले आणि त्यातून सान लोरेन्झो हा क्लब उभा राहिला. दिवंगत पोप फ्रान्सिस लहानपणापासून त्याच क्लबचे चाहते. फादर मास्सांनी मिस्सेला येण्याची अट घातली होती म्हणतात. मी घातली नाही. आपल्याकडे नागपूरला प्रा. विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलने जोडले.

तिसऱ्या सामन्यात उंच मुलाचा खांदा निखळला. रिक्षाने दवाखान्यात नेले. तेथे अर्जावर 'नातेवाइकाचे नाव' आणि 'नाते' असे दोन रकाने होते. त्याने आपले नाव, वय लिहिले आणि तेथे येऊन लेखणी थांबवली. आमच्या आळीचा कप्तान त्याच्याच वयाचा. त्याने कागद ओढून घेतला, आपले नाव लिहिले आणि नात्याच्या जागी 'कप्तान' असे लिहिले. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचले, आमच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. संघ उपांत्य फेरीत हरला.

हे सर्व लिहिताना जे साधले नाही तेही लिहिले पाहिजे. खेळ हा मुळात निवड करणारा आहे; चांगला खेळणारा मैदानात, दुसरा बाहेर. वाढपी काम करणारा मुलगा खेळात मागे होता आणि बहुतेक सामने तो राखीवच राहिला. दुसऱ्या वर्षी तो दोन आठवडे सरावाला आला नाही. लग्नसराई आहे, जादा काम असेल, असे मी स्वतःला समजावले. प्रत्यक्षात त्याचे काम सुटले होते, भाड्याचा आपला वाटा देता येईना म्हणून लाजेने तो खोली सोडून गेला होता. एका मुलाच्या म्हणण्याप्रमाणे तो गुजरातकडे गेला. फोन बंद. रोज कट्ट्यावर बसणाऱ्या माझ्या लक्षात यायला हवे होते. त्यानंतर मुलांनीच नियम केला: कोणी मंगळवार आणि गुरुवार दोन्ही चुकवले, तर त्याच रात्री दोघांनी त्याच्या दारी जायचे. मग तो राखीव असो की कप्तान. त्याचे बूट गुरुजींच्या पडवीत आहेत.

मुलींचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यांना संध्याकाळी सातला मैदानावर कोण येऊ देणार? आमच्या कॉन्व्हेंटच्या धर्मभगिनींनी शनिवारी दुपारी थ्रोबॉल सुरू केला आहे आणि धर्मग्रामातील दहाबारा मुली येतात. त्यांच्यात सध्या संस्थेतून बाहेर पडलेली एकच आहे. येत्या महिन्यात आणखी दोघींना १८ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांतील एकीला शिवणकाम येते, दुसरीला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे आहे.

त्यांच्यासाठी खोलीचे अद्याप जमलेले नाही. घरात वडीलधारे माणूस असलेली, चर्चपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरची एखादी खोली वाचकांपैकी कोणाकडे भाड्याने देण्याजोगी असल्यास कृपया आमच्या धर्मग्राम कार्यालयात कळवावे. मी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तेथेच असतो.