पोटखराबा

मनुष्याला जमीन आवडते आणि पाणीहि आवडतें. परंतु या दोहोंची सरमिसळ त्याला मुळींच खपत नाहीं. समुद्रावर त्यानें काव्यें रचलीं, नदीला माता म्हटलें, शेताला लक्ष्मी मानलें. पण जी भूमि वर्षांतून कांहीं महिने पाण्याखालीं व कांहीं महिने उघडी असते, तिच्या वांट्याला 'दलदल' किंवा 'चिखल' याहून गोड शब्द आला नाहीं. आमच्या महसूल दप्तरांत अशा जागेसाठीं एक मार्मिक शब्द आहे: पोटखराबा. शेताच्या पोटांतील, पण लागवडीला निरुपयोगी ठरलेली जागा. दक्षिण अमेरिकेंतील पांतानाल या प्रदेशाविषयीं वाचतांना हा शब्द मला वारंवार आठवतो.

पोर्तुगीज भाषेंत त्या नांवाचा अर्थहि दलदल असाच होतो. हा प्रदेश मुख्यतः ब्राझिलमध्यें असून त्याचे थोडे भाग बोलिव्हिया व पाराग्वे या देशांत शिरले आहेत. क्षेत्रफळ सुमारें दीड लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र! जुन्या युरोपीय नकाशांत येथें एक विशाल सरोवर काढलेलें असे. त्यांत नकाशेकारांचा फारसा दोष नव्हता. पुरांत आलेल्या प्रवाशाला येथें सरोवरच दिसणार, आणि सहा महिन्यांनीं येणाऱ्याला गवताचें मैदान. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाऊस पडतो. परंतु भूमीचा उतार दर किलोमीटरास अवघा कांहीं सेंटिमीटर असल्यामुळें पाराग्वे नदीचें पाणी वृद्ध यात्रेकरूसारखें विसांवे घेत चालतें. उत्तरेचा पूर दक्षिणेस पोंचण्यास तीन-चार महिने लागतात, आणि आकाश निरभ्र झाल्यावर तेथें पाणी चढूं लागतें.

या चढत्या पाण्याबरोबर मासे पात्र सोडून कुरणांत पसरतात व झाडांखालीं गळलेलीं फळें खाऊन पुष्ट होतात. पाणी ओसरूं लागलें कीं त्यांतील असंख्य डबक्यांत अडकतात. मग काळ्या मानेचे प्रचंड जाबिरू करकोचे, केमन जातीच्या मगरी व पाणमांजरें यांची पंगत बसते. त्या मगरींवर जग्वार झडप घालतो. उघड्या पडलेल्या भूमीवर नवें गवत येतें, आणि तेथील गुराखी आपलीं गुरें याच लयीनें हलवीत आले आहेत. पांतानालचें वैभव पाण्यांत नाहीं. पाण्याच्या येण्याजाण्यांत आहे.

आमच्या हिशेबी बुद्धीला या प्रदेशानें एक कोडेंहि घातलें आहे. येथें मीटरभर लांबीचा गर्द निळा मकाव पोपट आढळतो. तो आपलें घरटें बहुतेक मांदुवी नांवाच्या झाडाच्या ढोलींतच करतो, आणि पुरेशी मोठी ढोली होण्यास त्या झाडाचें वय साठ वर्षें तरी व्हावें लागतें. या पोपटाच्या अंड्यांचा मोठा शत्रु म्हणजे टूकन पक्षी. तेव्हां टूकनचा नायनाट करावा, असें कोणीहि म्हणेल. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, अंड्यांच्या लुटीपैकीं निम्म्याहून अधिक टूकनच करतो हें खरें. पण मांदुवीच्या बियांपैकीं शेंकडा ८३ बियाहि तोच दूरवर नेऊन टाकतो. ज्या चोंचीनें अंडें फुटतें, तिनेंच साठ वर्षांनंतरच्या घरट्याचा पाया घातला जातो. आतां ही चोंच जमेस धरावी कीं खर्चीं टाकावी?

मनुष्य मात्र खर्चाकडेच पाहतो. १९७० नंतर वरच्या पठारावर नांगर फिरला व माती वाहून ताक्वारी नदी गाळानें भरली. तिनें कांठ फोडले, आणि विस्तीर्ण कुरणें कायमचीं पाण्याखालीं गेलीं. न ओसरणारें पाणी हेंहि तेथें संकटच ठरलें. उलट २०१९ नंतर पाणी येईनासें झालें. २०२० च्या वणव्यांत पांतानालचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग होरपळला, आणि १९०० सालापासून नोंद असलेल्या लाडारिओच्या मापपट्टीवर २०२४ च्या ऑक्टोबरांत नदीनें आजवरचा नीचांक गाठला. तरीहि जहाजांसाठीं तें पात्र खोल करावें, ही कल्पना पुन्हां पुन्हां डोकें वर काढतेच. खोल पात्रांतून पाणी लौकर निघून जाईल. आणि जें पाणी रेंगाळत नाहीं, तें पांतानालच्या काय कामाचें?

इतक्या दूरच्या चिखलाचा मला घोर कां, असें वाचक विचारतील. आमच्या गांवच्या उताऱ्यावर अकरा गुंठे पोटखराबा लागलेला आहे. श्रावणांत तेथें गुडघाभर पाणी असतें, मार्गशीर्षांत बगळे असतात, वैशाखांत भेगा. माझे चुलतबंधु तेथें भराव टाकून गाळे बांधूं इच्छितात व त्यासाठीं माझी संमति मागतात. धाकटा म्हणाला, "दादा, बगळे कांहीं भाडें देत नाहींत." त्याचें बोलणें अडाणीपणाचें नाहीं. त्याच्यापुढें मुलीचें लग्न व सोसायटीचें कर्ज आहे. मी शहरांत पगारावर जगलों. पगारदारानें बगळ्यांची बाजू घेणें फार स्वस्त असतें, हें मला समजतें. परंतु त्या जागेच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे, आणि ती चैत्र संपेपर्यंत आटत नाहीं. या दोन गोष्टींचा संबंध कोणत्याहि उताऱ्यांत नोंदलेला नसतो.

केवळ नकार देऊन मोकळें होणें मला प्रशस्त वाटेना. म्हणून मीं बंधूंना लिहिलें आहे कीं, माझ्या वांट्याच्या रस्त्यालगतच्या चांगल्या जमिनींतून अकरा गुंठे तुम्ही घ्या, गाळे तेथें बांधा, आणि हा पोटखराबा माझ्या नांवें लावा. घरांत या व्यवहाराला कोणी शहाणपणा म्हणत नाहीं. बंधूंचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.