कमी चाललेली गाडी

जुनी गाडी घेऊन येणारा माणूस सर्वांत आधी मीटरकडे बोट दाखवतो. ‘वीस वर्षांत तीस हजारसुद्धा चालली नाही, बघा!’ त्याच्या आवाजात अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. गाडी त्यानं मनापासून जपलेली असते. पण ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या गल्ल्यांत जन्म काढलेली इंजिनं उघडता उघडता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. ज्या गाड्या कमी चालल्या, त्यांच्याच पोटात गाळ जास्त सापडतो.

याचं कारण आमच्या गावाच्या ठेवणीत आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथं तळ दिला, त्यावरून या वस्तीचं नाव लष्कर पडलं. गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा. त्यांचं देवघर अजून तिथंच आहे, आणि अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले ती गोरखीची शाळाही तिथलीच. गोरखीतून बाहेर पडलं की समोर महाराज बाडा. सराफा, दौलतगंज, नई सडक, दाल बाजार, सगळं पायी जाण्याच्या अंतरात. इथल्या मराठी घरांतल्या गाड्यांचा दिनक्रमही तेवढाच: सकाळी देवदर्शन, दुपारी बँक, संध्याकाळी बाजार, गुरुवारी दत्ताचं देऊळ. इंजिन सुरू होतं, कोमट होतं आणि बंद पडतं. वर्षानुवर्षं हेच.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरते, आणि तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि आम्लही उतरतं. तेल चांगलं तापलं आणि तसं बराच वेळ राहिलं, तर हे पाणी आणि पेट्रोल पुन्हा वाफ होऊन ब्रीदर पाइपानं बाहेर पडतं. दोन किलोमीटरच्या फेरीत तेल तेवढं तापतच नाही. पाणी तेलातच राहतं, तेलाशी घुसळलं जातं आणि तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट लोण्यासारखा फेस धरतो. हा पहिला टप्पा. पुढं ज्या तेलाची बदली लांबत जाते ते हवेशी संयोग पावून घट्ट होतं. दिवाळीचं तळण झाल्यावर कढईच्या काठाला जो तपकिरी चिकटा बसतो आणि राखेनं घासूनही सुटत नाही, तसाच थर रॉकर आर्मवर, झडपांच्या स्प्रिंगांवर आणि तेलाच्या वाटांमध्ये चढत जातो.

तेल काळं दिसलं की लोक घाबरतात. मला उलट न काळवंडणाऱ्या तेलाची काळजी वाटते. चांगल्या तेलात दोन प्रकारची द्रव्यं मिसळलेली असतात. एक धातूवरची घाण सोडवतं, दुसरं ती बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवतं, म्हणजे तेल बदलताना ती तेलाबरोबर निघून जाते. काळं तेल आपलं काम करत असतं. ही द्रव्यं संपली की कण एकमेकांना चिकटून खाली बसायला लागतात. म्हणून तेल बदलताना किलोमीटरच्या बरोबरीनं महिनेही मोजायला हवेत. गाडी वर्षभरात हजार किलोमीटर चालली असली, तरी वर्षाअखेर ते तेल संपलेलंच असतं.

आणखी एका कारणाकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे, कारण ते आमच्याच धंद्यातून येतं. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. जुन्या गाड्या गरम होतात. मग अनेक गॅरेजांत एक सोपा इलाज होतो: थर्मोस्टॅट काढून टाकायचा. ही लहानशी झडप इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरते. ती काढली की पाणी पहिल्या क्षणापासून फिरत राहतं. उन्हाळ्यात गिऱ्हाईक खूश होतं. पण जानेवारीच्या धुक्यात, पारा चार-पाच अंशांवर असताना, तेच इंजिन तासभर चालवलं तरी पुरेसं तापत नाही. गाळाची खरी पेरणी तिथं होते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करावा, पंखा तपासावा, पाण्याचा पंप बघावा. थर्मोस्टॅट काढणं हा इलाजच नव्हे.

अशाच एका मारुती 800 बद्दल सांगतो. नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरची, ग्वाल्हेरच्या मेळ्यात घेतलेली. 1905 मध्ये माधवराव महाराज शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा इथल्या लोकांच्या खरेदीचा हंगाम, आणि करात सवलत असल्यामुळं पुष्कळ घरांतली पहिली गाडी तिथूनच आलेली. मालक निवृत्त शिक्षक. सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर, आणि उभ्या गाडीत तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं, ‘मास्टरसाब, रिंग-पिस्टन गये, पूरा इंजन बंधेगा.’ खर्चाचा आकडा ऐकून ते गाडी मोडीत काढायला निघाले होते.

मी आधी कॉम्प्रेशन मोजलं. तिन्ही सिलिंडरमध्ये सारखं आणि भरपूर होतं. रिंगा गेल्या असत्या तर ते पडलं असतं. मग टॅपेट कव्हर काढलं. आत डांबरासारखा थर, आणि हेडच्या कोपऱ्यांतली तेल खाली उतरायची भोकं पूर्ण बुजलेली. वर चढलेल्या तेलाला परतीची वाट नव्हती. ते तिथंच साठायचं, झडपांच्या दांड्यांवरून सिलिंडरमध्ये झिरपायचं आणि सकाळी निळा धूर होऊन बाहेर यायचं. ‘काका, इंजिन बांधायची गरज नाही,’ मी म्हणालो. ‘पण गाडी आठवडाभर माझ्याकडे ठेवावी लागेल.’

आठवडा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. बाजारात इंजिन फ्लशची बाटली मिळते. जुन्या तेलात ओतायची, गाडी दहा-पंधरा मिनिटं उभ्या उभ्या चालवायची आणि तेल काढून टाकायचं. ज्यात नुसता पातळ थर धरला आहे अशा इंजिनाला ती चालते. जुन्या लोकांची रीत याहून कडक होती: तेलात रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन फिरवायचं. त्यानं तेल इतकं पातळ होतं की बेअरिंगवरचा तेलाचा पडदाच फाटतो. पण गाळ खूप असेल तर दोन्हींचा धोका एकच. वर्षानुवर्षं बसलेला थर एकाच वेळी ढेकळांनी सुटतो, आणि ती ढेकळं थेट चेंबरच्या तळाशी, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की पंप कोरडा पडतो. फिल्टर तुंबला तर त्याची आतली झडप उघडते आणि न गाळलेलं तेल तसंच बेअरिंगकडे जातं. सकाळी व्यवस्थित चालत आलेली गाडी साफसफाई करून संध्याकाळी खडखडत परत जाते, ती यामुळं.

म्हणून मी हातानं करतो. तेल गरम असतानाच काढतो, मग चेंबर खाली उतरवतो. वर खरवडायला सुरुवात करण्याआधी परतीची भोकं कापडाचे बोळे घालून बंद करतो, नाहीतर वरचा गाळ खाली आणि खालचा पुन्हा पंपात. खरवडायला लाकडाची पट्टी. तारेचा ब्रश कधीच नाही. त्याची एखादी तार तुटून आत राहिली तर क्रँकचा सत्यानाश. पुसायला गॅरेजातला धाग्यांचा गुंताही चालत नाही, त्याचे धागे जाळीत अडकतात. पुष्कळदा धुऊन मऊ झालेलं सुती धोतर सर्वांत उत्तम. डिझेलमध्ये बुडवून दाबायचं, थर मऊ होऊ द्यायचा, मग उचलायचा. घाई केली तर हात चालतो, पण थर तसाच राहतो.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे जाळी आणि परात. जाळीवरचा गाळ मी परातीत काढून उन्हात बघतो, त्यावरून चुंबक फिरवतो. लोखंडाचा चुरा चिकटला तर काहीतरी घासतं आहे. चुंबकाला न चिकटणारे चमकदार कण दिसले तर बेअरिंगचा धातू निघतो आहे, आणि मग सफाई करून उपयोग नाही, तसं मालकाला सरळ सांगावं. कडक झालेल्या रबराचे तुकडे म्हणजे झडपांची सीलं गेली. कधी आधीच्या कामात भसाभस लावलेल्या सिलिकॉनच्या वळ्या सापडतात. मास्टरसाहेबांच्या जाळीत सिलिकॉन होतं, रबर होतं, धातू मात्र नव्हता. सीलं बदलली, जाळीच्या नळीची रबरी रिंग नवी घातली (ती जुनीच ठेवली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो), नवं पॅकिंग टाकलं, थर्मोस्टॅट त्याच्या जागी परत बसवला. ब्रीदर पाइप तर गाळानं जवळजवळ बंदच होता. तोही मोकळा केला.

हातानं केलेली सफाई तेलाच्या आतल्या वाटांपर्यंत पोचत नाही. ते काम नव्या तेलावर सोपवायचं. चांगल्या प्रतीचं तेल आणि नवा फिल्टर, पहिली बदली 500 किलोमीटरला, दुसरी त्यानंतर 1000 ला, पुढं नेहमीप्रमाणं. प्रत्येक वेळी तेल काळंकुट्ट निघतं, आणि प्रत्येक वेळी थोडं कमी काळं. जे साठायला दहा वर्षं लागली, ते सुटायला निदान सहा महिने द्यावेत.

गाळ फक्त जुन्या, साध्या इंजिनांचा रोग नाही. 1997 ते 2002 या काळातल्या टोयोटाच्या काही इंजिनांत तेलाचा गाळ धरण्याच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या आल्या की कंपनीला त्या गाड्यांसाठी खास हमी जाहीर करावी लागली.

जुन्या फियाट उघडताना मात्र एक खबरदारी अवश्य घ्यावी. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 साली पूर्ण बंद झालं. त्याआधी चाललेल्या आणि मग कुठल्या वाड्याच्या पडवीत उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या गाळात ते शिसं अजून असतं. आमच्या आधीच्या पिढीतल्या कारागिरांनी ते उघड्या हातांनी काढलं आणि त्याच हातांनी भाकरी खाल्ली. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी हातमोज्यांशिवाय चेंबरला हात लावू देत नाही, त्यांनी कितीही कुरकुर केली तरी. आणि काढलेलं तेल नाल्यात ओतू देत नाही. लष्करातून वाहणारी सुवर्णरेखा कधी नदी होती. आज तिची जी अवस्था आहे तिच्यात आमच्या धंद्याचाही वाटा आहे. वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत शुद्धीकरण कारखान्याकडेच जायला हवं. डबे भरून ठेवावेत, उचलणाऱ्याला द्यावेत. एवढं प्रत्येक गॅरेजला जमतं.

दसऱ्याला गोरखीच्या देवघरात शिंदे घराण्याची पूजा होते आणि आम्ही पाने, पकड, जॅक मांडून हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी दारासमोरच्या गाड्या धुतल्या जातात, झेंडूच्या माळा चढतात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. माझी विनंती आहे की त्याच दिवशी बॉनेट उघडून तेलाचं झाकणही एकदा काढावं आणि त्याची आतली बाजू बघावी. पिवळा फेस दिसला तर घाबरू नका. आधी रेडिएटरचं पाणी कमी होतं आहे का ते बघा. होत असेल तर हेडचं पॅकिंग फुटलं असेल, तेव्हा लगेच गॅरेज गाठा. पाणी स्थिर असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारा, तेल बदला, आणि महिन्यातून एकदोनदा गाडी झाशीच्या रस्त्याला दतियापर्यंत नेऊन आणा. पंचाहत्तर किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. तेलातलं पाणी उडायला एवढं पुरतं.