प्रेस्टनचा प्लंबर

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नव्हे, ती पेठेची अब्रू असते. तालमीच्या संघाचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच नव्हे, तर चहाच्या गाडीवरदेखील माणसे पेठेप्रमाणे उभी राहतात. अशा गावात वाढलेल्या मुलाला टॉम फिनी या इंग्रज खेळाडूची गोष्ट जवळची वाटली, तर नवल ते काय? एक गाव, एक संघ, सारी कारकीर्द! आमच्या जुन्या मंडळींना असाच माणूस हवा असतो.

फिनीचा जन्म ५ एप्रिल १९२२ चा, उत्तर इंग्लंडातल्या प्रेस्टन या गिरणगावातला. घर डीपडेल मैदानाच्या अगदी जवळ. पोरवयातच प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबाने त्याला हेरले. पण वडिलांनी बजावले, आधी नळकामाची उमेदवारी पुरी कर, मग फुटबॉल. त्याने ती पुरी केली. पुढे महायुद्ध आले. माँटगोमरीच्या आठव्या सैन्यात इजिप्त आणि इटली पाहून तो परतला, आणि लीगमधला पहिला सामना खेळला तेव्हा १९४६ साल उजाडून तो चोवीस वर्षांचा झाला होता. त्यानंतर उजवीकडून, डावीकडून, मधून, जिथे उभे कराल तिथून तो खेळला. प्रेस्टनसाठी लीगमध्ये ४३३ सामने आणि १८७ गोल; इंग्लंडसाठी ७६ सामने आणि ३० गोल. १९५४ आणि १९५७ असा दोनदा तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही मोठे विजेतेपद एकही नाही! १९५३ मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टन यांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या सरासरीवर लीग हातची गेली. पुढच्या वर्षी एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचने ३-२ ने हरवले.

आणि या साऱ्या काळात तो नळाचे काम करीतच होता. म्हणूनच त्याला नाव पडले, ‘प्रेस्टनचा प्लंबर’.

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ दुसऱ्या पेठेच्या संघात गेला. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्या संघाने चार पैसे बरे देऊ केले. झाले! ज्या कट्ट्यावर त्याला खांद्यावर घेऊन नाचले होते, त्या कट्ट्यावर त्याच्याशी कोणी बोलेना. एक वडीलधारे मला म्हणाले, “तुझा तो फिनी बघ. जन्मभर एका संघात राहिला. निष्ठा म्हणतात ती ही!” आई आतून एवढेच म्हणाली, “पेठ काय पोट भरणार आहे व्हय त्याचं?”

आईचा प्रश्न मला फिनीलाही विचारावासा वाटला. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबाने त्याला सही करण्याबद्दल १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, राहायला बंगला आणि मोटार देऊ केली होती. इंग्लंडात तेव्हा कितीही मोठ्या खेळाडूला आठवड्याला १४ पौंडांहून अधिक देता येत नसे. फिनीला जावेसे वाटले होते. क्लबाने साफ नकार दिला, आणि विषय संपला. कारण करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच मुठीत राही. क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळण्याची सोय नव्हती. फिनी १९६० मध्ये दुखापतीने निवृत्त झाला, तेव्हाही वेतनाची मर्यादा आठवड्याला २० पौंड होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठली आणि त्याच वर्षी फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले! नोंदणीची ती बेडी सैल व्हायला १९६३ चा न्यायालयाचा निकाल यावा लागला.

मग ज्याला दार उघडून बाहेर पडता येत नाही, त्याच्या घरात राहण्याला निष्ठा कसे म्हणावे? आणि त्याचा दाखला देऊन माझ्या भावाला बेइमान कसे ठरवावे?

पण म्हणून फिनी लहान होत नाही. त्याचे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. नकार पचवून तो मैदानात उतरला तो कुढत नाही, पाय राखून नाही. इतक्या वर्षांत पंचाने त्याला एकदाही ताकीद दिली नाही की बाहेर काढले नाही. आणि निवृत्तीनंतर, जेव्हा कोणाचीच मूठ त्याच्यावर उरली नाही, तेव्हाही तो प्रेस्टनमध्येच राहिला. नळकामाचा धंदा सांभाळला, पुढे क्लबाचा अध्यक्ष झाला. १९९८ मध्ये ‘सर’ झाला तरी गावाचा टॉमच राहिला. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. आज डीपडेलबाहेर पाण्यातून घसरत चेंडू काढणारा त्याचा पुतळा उभा आहे.

निष्ठा पाहायची तर अशी, दार उघडे असताना. माझा भाऊ दुसऱ्या पेठेकडून खेळतो; पण रविवारी सकाळी आमच्याच तालमीच्या पोरांना चेंडू अडवायला शिकवतो. त्याचे त्याला कोणी पैसे देत नाही. कट्ट्यावरची मंडळी ते लांबून पाहतात. अजून बोलत नाहीत. पण पोरांना घरी बोलावूनही घेत नाहीत.