चाकोरी

वेल्ह्यात मिसळ खाऊन निघालो तेव्हा साडेसात वाजले होते आणि तोरण्याच्या माथ्यावरचा ढग अजून हलला नव्हता. पहाटे पाचला पुणं सोडलं होतं. खडकवासला, खानापूर, पाबे घाट हा सगळा डांबरी रस्ता. आमची खरी वाट पुढं केळदच्या अंगाला, डांबर सोडल्यावर सुरू होणार होती. नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. कॉलेजपासूनचे दोन मित्र, त्यातल्या एकाचा पुतण्या, आमच्या गल्लीतला गॅरेजवाला दादा आणि मी, असे पाच जण होतो.

माझी गाडी एक्सपल्स 200. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच. दगडधोंड्यातून जायचं तर हे सगळं हवंच, पण त्यामुळं सीटही उंच जाते. जवळजवळ सव्वाआठशे मिलिमीटर. माझी उंची पाच फूट दोन इंच. थांबले की एका बाजूला ढुंगण सरकवून एकच पाय टेकवायचा, तोही चवड्यावर. पहिले सहा महिने मला गाडी चालवण्याची भीती कधी वाटली नाही, थांबण्याची वाटायची. दादानं तेव्हा सांगितलं होतं, "ताई, पाय कुठं टेकवायचा ते थांबायच्या आधी ठरवायचं." उंचवट्याची बाजू आधी हेरायची, मगच ब्रेक दाबायचा. ही सवय आता अंगात मुरली आहे.

डांबर सोडलं की पहिलं काम हवा कमी करायचं. रस्त्यावर पंचवीस-अठ्ठावीस पीएसआय असते, ती आम्ही 18 वर आणतो. टायर जरासा पसरतो आणि दगडाला धरून चालतो. मग फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची आणि हात सैल सोडायचे. गाडी खालून हवी तशी हलू द्यायची. नवीन माणूस हँडल घट्ट धरतो आणि अर्ध्या तासात त्याचे दंड भरून येतात. पुतण्याचं तेच झालं. त्याची ही पहिलीच फेरी होती.

पहिल्या दोन किलोमीटरमध्येच मी पडले. भाताच्या चिखलणीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उन्हानं वाळून विटेसारख्या कडक झाल्या होत्या, वीतभर खोल. माझं पुढचं चाक एका चाकोरीत उतरलं आणि मी ते बाहेर काढायला गेले. चूक तिथंच झाली. चाक कडेला घासतं, वर चढत नाही. आपला भार मात्र तोवर वळणाच्या बाजूला गेलेला असतो. गाडी आडवी झाली. हँडगार्ड होते म्हणून क्लचचा लिव्हर वाचला, नी गार्ड होते म्हणून गुडघा.

एरवी आपण 'चाकोरीबाहेर' हा शब्द किती कौतुकानं वापरतो. चाकोरी म्हणजे चाकानं पाडलेली खाच, हे त्या दिवशी मला अंगावर कळलं. चाकोरीत सापडलात तर तिच्याशी भांडायचं नाही. नजर लांब, ती संपते तिथं ठेवायची, थ्रॉटल एकसारखा धरायचा आणि ती नेईल तसं जायचं. चाकाजवळ बघितलं की गेलात. नजर जाते तिथं गाडी जाते, हे दादाचं पालुपद मी शंभरदा ऐकलं असेल. पटलं ते तेव्हा.

दीडशे किलोच्या वरची गाडी मी एकटीनं उचलते. कसं, ते सांगते, कारण अनेक बायका याच एका भीतीनं या वाटेला येत नाहीत. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकायचं, एका हातात हँडलचं टोक, दुसऱ्या हातानं मागची पकड, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर उलटी पावलं टाकत जायचं. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर पलीकडे पडते. हाताच्या ताकदीचं हे कामच नाही. पुतण्या मदतीला धावला तेव्हा दादानंच त्याला थांबवलं. "उचलू दे तिला. उद्या एकटी असली तर?"

पुढं ओढा लागला. पाणी गुडघ्याइतकंच, पण तळाच्या दगडांवर शेवाळ. आमच्यात नियम आहे: आधी पायी उतरायचं, पलीकडे जायचं, परत यायचं, मग गाडी घालायची. चौघांनी तसंच केलं. पाचव्यानं, कॉलेजच्या मित्रांपैकी बँकेत असलेल्यानं, आमच्या मागोमाग तशीच घातली आणि मधोमध आडवा झाला. इंजिन चालू असताना एअर बॉक्स पाण्याखाली गेला. अशा वेळी माणूस घाबरून स्टार्टर दाबतो आणि तेच करायचं नसतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. आम्ही गाडी ढकलत काठावर आणली, प्लग काढला, एअर फिल्टर पिळून वाळत घातला आणि मगच बटण दाबलं. प्लगच्या भोकातून पाण्याची चूळ उडाली. तासाभरानं इंजिन बोललं तेव्हा तो मित्र काठावरच्या दगडावर डोळे पुसत बसला होता. गाडी त्यानं तीन वर्षं पैसे साठवून घेतली होती.

त्या तासाभराच्या उशिरानंच पुढची चूक झाली. दुपार कलली होती, वाट एका भातखाचराला वळसा घालून जात होती. पुतण्यानं वळसा टाळून सरळ बांधावरून गाडी नेली. भात कापून झालेलं, खाचर मोकळं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. पलीकडे पेंढ्या रचणारे एक आजोबा हातातलं काम टाकून आले. ओरडले नाहीत. बांधावर बसले, नॉबी टायरनं पाडलेल्या खाचेत चार बोटं घातली आणि म्हणाले, "आता काय व्हायचं नाय. जूनला हितनंच पाणी धरंल, हितनंच फुटंल. मग वरची माती खाली."

ते ऐकून मी गप्प झाले. डोंगरउतारावरचं खाचर म्हणजे एकाखाली एक पायऱ्या. वरचा बांध फुटला तर पाणी खालच्यावर धडकतं. आम्हाला दोन मिनिटं वाचवायची होती, आणि त्यापायी एका माणसाचं पुढच्या वर्षाचं पीक आम्ही पणाला लावलं. हे पुतण्याचं पाप म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. वाट आधी दाखवायला हवी होती ती आम्ही जुन्यांनी.

रात्री केळदमध्ये एका घरी उतरलो होतो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. घरातल्या मावशींनी मला दोनदा विचारलं, "तूबी चालवतीस?" आणि तिसऱ्यांदा त्यांच्या दहावीतल्या नातीला हाक मारून बाहेर आणलं. ती गाडीवर बसली, तिनं हँडल धरलं, आणि फूटरेस्टवर उभं राहून बघितलं. तिचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता.

रविवारी मढे घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं उमरठला नेला, असं सांगतात. गाड्या लांब उभ्या करून कड्यापर्यंत चालत गेलो; तिथं इंजिनचा आवाज न्यावासाच वाटला नाही. येताना माझं मागचं चाक बसलं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. हवा कमी असताना दगडावर जोरात आपटलं की रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते, त्याची ही खूण. टायर काढून, ट्यूब बदलून पुन्हा चढवायला मला पन्नास मिनिटं लागली. दादानं हात लावला नाही, शेजारी बसून शेंगा खात राहिला, आणि मी त्याची त्याबद्दल ऋणी आहे.

परतीच्या आधी आम्ही आजोबांच्या खाचराकडे गेलो. फावडं आणि घमेलं त्यांचंच. "ओल हाय तवर माती बसती," म्हणत त्यांनी जागा दाखवली. पुतण्यानं खाच आधी आणखी रुंद खणली, कारण नुसती वरून भरलेली माती धरत नाही. मग ढेकळं फोडून, पाणी शिंपडून, थर देत पायानं तुडवत बांध वर आणला. आम्ही आळीपाळीनं माती वाहिली. आजोबांनी टाच मारून बघितली आणि मान हलवली.

या भागात गाडी घेऊन येणार असाल तर जरूर या. मळलेली वाट सोडू नका, आणि बांध दिसला की वळसा घाला, तो कितीही लांबचा असो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मी तो बांध बघायला जाणार आहे.