आजन्म वॉरंटी

माणूस दोन गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. एक बँक आणि दुसरी सायकलची चेन. पैकी पहिलीचा मी पगारी नोकर असल्यामुळे तिच्याविषयी काही बोलणार नाही. दुसरीविषयी मात्र बोललंच पाहिजे, कारण चिरंजीवांना ‘माउंटन बाईक’ हवी आहे. हिंगोलीत माउंटन कुठला, असं मी विचारलं. ते म्हणाले, “औंढ्याचा डोंगर आहे की!” औंढ्याला आमच्या तीन पिढ्या नागनाथाच्या दर्शनाला गेल्या, पण त्या डोंगरासाठी एकवीस गिअर लागतात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी पडलो बी.कॉम. वस्तू घेण्याआधी आम्ही कंपनीचा ताळेबंद बघतो. (वधूवरांचाही बघतो, पण तो विषय वेगळा.) आणि बघतो तर काय, सायकलवाल्यांची सगळी आळीच आजारी!

अ‍ॅटलास घ्या. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेली कंपनी. निम्म्या देशाचे पोस्टमन, दूधवाले आणि मास्तर तिनं वाहिले. २०१४ साली तिचा मालनपूरचा कारखाना बंद पडला, २०१८ साली सोनिपतचा. राहिला साहिबाबादचा. तो बंद झाला ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी! मुहूर्त काढणाऱ्याचं कौतुकच केलं पाहिजे. गेटवर नोटीस लागली : कच्चा माल घ्यायलाही पैसे नाहीत, कामगारांना ले-ऑफ, मात्र रोज गेटवर येऊन हजेरी लावावी. काम नाही, माल नाही, पण मस्टर आहे! आमचे हेडकॅशियर हे ऐकून गहिवरले. “शिस्त म्हणतात ती ही,” म्हणाले. मला मात्र त्या माणसांचं वाटलं. सायकल जुळवण्यात हयात गेली आणि शेवटी जुळवायला सही तेवढी उरली.

मुंबईतही हेच झालं. वरळीची हिंद सायकल कंपनी १९८० साली कायदा करून सरकारनं ताब्यात घेतली. पुढे कारखाना गेला, रस्त्याला नाव राहिलं. मोठ्या माणसांचंही असंच होतं म्हणा.

पण गंमत अशी, की त्या काळ्या सायकलवर बसणाऱ्याचं यात फारसं काही बिघडलं नाही. आमच्या कोपऱ्यावरचे मामू पंक्चरवाले कुठल्याही कंपनीचा पेडल कुठल्याही कंपनीच्या सायकलला बसवतात. नाही बसलं तर हातोडी आहेच. ब्रेकचं रबर, छर्रे, स्पोक, सगळं एकाच डालड्याच्या डब्यात. कंपनी वारली तरी सायकलला सुतक नाही!

माउंटन बाईकचं तसं नाही. तिच्या मागच्या चाकाशी अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा तुकडा असतो, त्याला गिअर लटकतो. सायकल आपटली की तो आधी वाकतो किंवा मोडतो आणि फ्रेमला वाचवतो. मोठा त्यागी तुकडा! पण वर्षानुवर्षं प्रत्येक कंपनीनं तो आपापल्या आकाराचा काढला. आता कंपनी बुडाली, की हा बोटभर तुकडा शोधत फिरा.

आणि बुडतात हो! अमेरिकेतल्या कॅननडेल या नामांकित कंपनीला मोटारसायकल काढायचा मोह झाला, आणि २००३ च्या जानेवारीत तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पायानं चाललेलं बरं चाललं होतं, इंजिन लावलं आणि घसरलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगाला अचानक व्यायाम आठवला. कंपन्यांनी भरमसाट मालाची ऑर्डर दिली. माल गोदामात येईतो लोकांना सोफा आठवला. गोदामाचं भाडं आणि बँकेचं व्याज यांना उतार माहीत नसतो. कॅनडाची रॉकी माउंटन कंपनी २०२४ च्या डिसेंबरात देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. नावातच पर्वत, पण चढ सोसला नाही.

अशा सायकलींच्या फ्रेमला पुष्कळदा ‘आजन्म वॉरंटी’ असते. वाचून चिरंजीव खूश. मी विचारलं, “जन्म कुणाचा? तुझा, सायकलचा, की कंपनीचा?” आपल्याकडे २०१६ सालच्या दिवाळखोरीच्या कायद्यात देणी वाटायची रांग ठरलेली आहे. पुढे तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची थकबाकी. वॉरंटीचा कागद घेतलेला गिऱ्हाईक पार मागे. आमच्या शाखेत महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत शेवटी उभं राहून बघा, म्हणजे कल्पना येईल.

शेवटी मामूंनाच विचारलं. त्यांनी चिरंजीवांच्या पसंतीच्या सायकलला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “साहेब, जिसका सामान हिंगोली में मिलता, वोच गाडी अच्छी.” चार वर्षं कॉमर्स शिकून मला जे एका वाक्यात सांगता आलं नाही, ते मामूंनी विडीचा झुरका न सोडता सांगितलं.

चिरंजीव अजून विचार करताहेत. तोवर खेड्यांतल्या पोरी दप्तरं कॅरिअरला लावून, बिनगिअरच्या सायकलींवर रोज शाळा गाठताहेत. समोरून वारा आला तर उभ्यानं पेडल मारतात. त्यांच्या सायकलीला वॉरंटी काय आहे, कुणास ठाऊक. पण दहा वाजता घंटेला त्या हजर असतात.