मोडकी चालेल, अपुरी नको

संपादकांना जुन्या अमेरिकन गाड्यांच्या रुबाबावर लेख हवा होता. रुबाबावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, म्हणून दुरुस्तीसाठी गाडी घेताना काय बघावं, तेवढंच लिहितो. त्याला निमित्तही आहे आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

पावसाळ्याआधी एक तरुण १९४८ची शेव्हरोलेट फ्लीटमास्टर घेऊन आला. गाडी स्वतः चालवत आणल्याचा त्याला कोण आनंद! बोनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन. ‘तेवढं पेट्रोल इंजिन बसवून द्या, बाकी गाडी ओरिजिनल आहे,’ तो म्हणाला. दलालानं त्याला तसंच सांगितलं होतं.

आता थोडं तांत्रिक लिहितो. या गाडीचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, ९० हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा शाफ्ट एका बंद नळीतून जातो. तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. दुसऱ्या जातीचा गिअरबॉक्स लावला की ही नळी जाते आणि नळीपाठोपाठ ॲक्सलही बदलावा लागतो. स्टिअरिंगखालचा गिअर बोटाच्या जोरावर पडायचा, कारण मदतीला इंजिनचा व्हॅक्यूम असे. वायपरही त्याच व्हॅक्यूमवर चालत. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप नसते, त्यामुळे तसा व्हॅक्यूमही नसतो. म्हणून गिअरची सगळी यंत्रणा काढून टाकली, वायपरला विजेची मोटर बसवली, ६ व्होल्टचं वायरिंग जाऊन १२ व्होल्टचं आलं आणि नवं इंजिन बसेना म्हणून चासीचा आडवा पत्रा कापला. मग ‘बाकी ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय उरलं?

डिझेल बसवणाऱ्यांना शौकीन मंडळी सर्रास नावं ठेवतात. मला ते पटत नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि या अवजड गाड्या पोसणं मालकांना परवडेना. डिझेल इंजिन बसलं नसतं तर कितीतरी गाड्या पत्र्याच्या भावानं भंगारात गेल्या असत्या. माझा राग आहे तो काढलेले भाग फेकून देण्यावर, आणि अशी गाडी आज ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारण्यावर.

‘अमेरिकेतून मागवू की!’ हे उत्तर तर मी रोज ऐकतो. रबर, क्रोमच्या पट्ट्या, पिस्टन हे सगळं तिकडे आजही मिळतं. पण ते भाग डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी बनतात. जनरल मोटर्सनं शिवडीच्या कारखान्यात १९२८पासून १९५४पर्यंत जोडलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी, उजव्या स्टिअरिंगच्या. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, पेडलची जोडणी या गोष्टी अमेरिकन दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी दुसरी तशीच गाडी मोडावी लागते. कुर्ल्याला प्रीमियरनं जोडलेल्या डॉज आणि प्लिमथचीही हीच गत आहे.

म्हणून ‘चालू आहे का?’ हा लोकांचा पहिला प्रश्न मला मान्य नाही. ‘पूर्ण आहे का?’ हे आधी विचारा. इंजिन जाम असू दे. स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडून थोडे दिवस थांबलं की बहुतेक इंजिनं सुटतात. या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं असतं. ते झिजलं असेल तर वितळवून नव्यानं ओतायचं, बोअर करायचं, निळा रंग लावून शाफ्टवर फिरवायचं आणि निळं उमटेल तिथं हातानं खरवडायचं. आमचे मिस्त्रीकाका हे काम आजही केसाच्या अंतरानं बसवतात. त्याचा मला अभिमान आहे. त्यांच्यामागून हे कोण करणार, ते मात्र दिसत नाही.

पत्रा बघताना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या पट्टीवरून आणि मडगार्डच्या कडेनं फिरवा. जिथं ते सुटतं तिथं पत्रा नाही, लांबी आहे. मॅट उचलून फ्लोअरला स्क्रू ड्रायव्हर टोचा. वरच्या चकचकीत रंगावर जाऊ नका. ताजा रंग बहुधा काहीतरी झाकायलाच मारलेला असतो.

मग आरसी बुक बघा. इंजिन आणि चासी नंबर जुळायला हवेत, इंधनाचा बदल नोंदलेला हवा. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१पासून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण नियम म्हणतो, गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. कापलेली चासी मी कितीही सफाईनं जोडली तरी ती मूळ म्हणावी का, याचं उत्तर मला स्वतःलाही देता येत नाही.

त्यापेक्षा धूळ खात पडलेली, हवा गेलेली, पण ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणापासून वायपरच्या मोटरपर्यंत सगळं अंगावर असलेली गाडी शोधा. ती टोचन करून आणावी लागली तरी बयाणा द्या. मोडलेलं दुरुस्त करायला आम्ही आहोत, नसलेलं आणायचं कुठून?